यात्रेकरूचे ओझे



या सदरातून आपण बहुधा पेढी, घर आणि स्थानक यांच्याच परिसरात फिरत असतो. आजचा विषय थोडा उंबरठ्याबाहेरचा आहे. आपल्या शेजाऱ्याच्या धर्मातील एका यात्रेविषयी, म्हणजे हजविषयी, आणि त्या यात्रेकरूंची सेवा करणाऱ्या स्वयंसेवकांविषयी लिहावयाचे आहे. हा विषय आमच्या गाळ्यावर चालून आला, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

२०२४ सालचा मे महिना होता. चाकणच्या महात्मा फुले बाजारातील शनिवारचा कांद्याचा व्यवहार आटोपला होता. शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहून झाल्या होत्या आणि हमाल हातपाय धूत होते. अशा वेळी आमच्या गाळ्यावर तीस वर्षे मापाडी म्हणून काम केलेले चाचा आले. वय सत्तरीला टेकलेले. काम सोडूनही पाच-सहा वर्षे झालेली. एरवी ते येत, बाहेरच्या थप्पीला टेकून बसत, चहा घेत आणि जात. त्या दिवशी ते थेट गादीसमोर येऊन उभे राहिले.

"शेठ, नंबर लागला. हजला जायचंय, मी आणि तुमची चाची. हिशोब मिटवायला आलोय."

मला वाटले, एखादी जुनी उचल राहिली असेल. मी वही काढू लागलो. त्यांनी हाताने थांबविले. "पैशाचा हिशोब मोठ्या शेठनी कधीच पुरा केला. हा काट्यावरचा हिशोब आहे."

ज्या वाचकांचा बाजार समितीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट करतो. कांद्यात माती असते, पाला असतो, ओल असते, आणि पोत्याचे स्वतःचेही वजन असते. म्हणून भरलेल्या पोत्यामागे काही वजन कमी धरण्याची जुनी रीत होती. तिला कडता म्हणत. ही रीत शेतकऱ्यालाही ठाऊक असे. परंतु रीतीहून किलो-अर्धा किलो अधिक कापले गेले तर ते त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. काटा मापाडी पाही आणि आकडाही तोच पुकारी.

चाचा म्हणाले, "मोठे शेठ गादीवरून बोटांनी खूण करायचे. मी पुकारायचो. तो पैसा माझ्या घरात आला नाही, पण आवाज माझा होता."

मग त्यांनी आपली अडचण सांगितली. हजला निघण्यापूर्वी ज्याचे त्याला द्यावे, कर्ज फेडावे, दुखावलेल्यांची क्षमा मागावी, असा त्यांच्यात दंडक आहे. अल्लाच्या बाबतीत काही चुकले तर अल्ला क्षमा करील. पण माणसाचे चुकले असेल तर त्या माणसानेच सोडले पाहिजे. म्हणून ज्या शेतकऱ्यांची नावे आठवत होती त्यांच्या गावी ते जाणार होते. "तुमच्याकडे एवढ्यासाठी आलो, शेठ, की तुमच्या घराचं नाव घेऊ का नको, ते विचारावं."

वाचकहो, प्रत्येक संवत्सरीला शेकडो क्षमापना-पत्रे पाठविणाऱ्या या लेखकाने त्या क्षणी काय उत्तर दिले ते प्रामाणिकपणे लिहितो. मी म्हणालो, "चाचा, इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?" ते काही बोलले नाहीत. अर्धा चहा ठेवून निघून गेले.

रात्री झोप आली नाही. वडील दानी होते. स्थानकाच्या बांधकामात त्यांचा वाटा होता. दुष्काळात त्यांनी गुरांसाठी चारा दिला होता. आणि त्याच हाताची बोटे काट्याकडे खूणही करीत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चाचांच्या घरी गेलो. घराला कुलूप होते. शेजाऱ्यांनी सांगितले, मशिदीलगतच्या सभागृहात हजवाल्यांची शिकवणी चालू आहे, तेथे भेटतील.

त्या सभागृहात मी हज स्वयंसेवक प्रथम पाहिले. वीस-पंचवीस वृद्ध स्त्री-पुरुष सतरंजीवर बसले होते आणि चार-पाच तरुण त्यांच्यामध्ये फिरत होते. एक मुलगा चाकण औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात काम करणारा; पहिली पाळी संपवून, गणवेशही न बदलता आलेला. एक उर्दू शाळेचे शिक्षक. एक औषधनिर्माणशास्त्र शिकणारी मुलगी. ती बायकांच्या औषधांच्या पुड्या बांधून प्रत्येकीवर सकाळ-दुपार-रात्र अशा सूर्य-चंद्राच्या खुणा काढीत होती, कारण अनेकींना अक्षर वाचता येत नव्हते. या मंडळींनी हिवाळ्यात अर्ज भरून दिले होते, सोडतीनंतर हप्ते भरण्यासाठी बँकेत सोबत केली होती, मेंदुज्वराची लस टोचून घेण्यासाठी दवाखान्यात नेले होते. आता इहरामची दोन पांढरी वस्त्रे कशी नेसावयाची ते शिकविणे चालले होते. न शिवलेले, विनाअलंकाराचे ते वस्त्र पाहून मला क्षणभर आपल्याकडील पौषधाची आठवण झाली.

एका कोपऱ्यात सामानाचे वजन चालले होते. विमानाची वजनमर्यादा काटेकोर असते. अधिक भरल्यास मुंबईला ऐन वेळी पिशवी उघडून वस्तू काढाव्या लागतात आणि वृद्ध माणूस गोंधळून जातो. यांच्याकडे हाताने उचलावयाचा एक जुना स्प्रिंगचा काटा होता. तो एकाच पिशवीचे तीन वेळा तीन आकडे दाखवीत होता.

मी गाळ्यावर फोन केला आणि आमचा इलेक्ट्रॉनिक काटा टेम्पोतून मागविला. तो आला तेव्हा चाचा सवयीने उठले, पाय जुळवून काट्याशेजारी उभे राहिले आणि पिशव्यांचे आकडे पुकारू लागले. "एकोणीस किलो चारशे. एकवीस किलो. हिच्यातली चटणीची बरणी काढा." सारे हसले. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "नाव घ्या. आमच्या घराचं नाव घ्या." त्यांनी मान हलविली आणि पुढची पिशवी ठेवावयास सांगितले.

यात्रेकरूची सेवा हा विषय व्यापाऱ्यांना नवा नाही. मोगल काळात सुरत हे मक्केचे द्वार मानले जाई. यात्रेकरू आणि कापडाच्या गाठी एकाच जहाजाने जात. त्याच सुरतेत सतराव्या शतकात आपले विरजी व्होरा हे जगातील गणनीय श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक होते. १६९५ साली यात्रेकरूंना घेऊन परतणारे ‘गंज-इ-सवाई’ हे बादशाही जहाज इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने लुटले, तेव्हा सुरतेची सारी बाजारपेठ हादरली होती. पुढे मुंबई हे हजचे मोठे बंदर झाले. दलाल यात्रेकरूंना फसवीत, जहाजांत दाटीवाटीने कोंबीत. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८६ साली सरकारने थॉमस कुक या प्रसिद्ध प्रवासी कंपनीकडे ही व्यवस्था सोपविली. १८९३ मध्ये कंपनीने ती सोडली. १८७७ साली स्थापन झालेल्या आणि पुढे मोगल लाइन म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीची जहाजे कित्येक दशके मुंबईहून जेद्दाला जात राहिली. हा सागरी मार्ग १९९५ साली बंद झाला.

जहाजांच्या काळात कोकणातील, देशावरील गरीब यात्रेकरू मुंबईत येऊन दिवस-दिवस थांबत. त्यांच्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळ हाजी साबू सिद्दीक या मेमन व्यापाऱ्याच्या नावाचा मुसाफिरखाना होता. त्याच मुंबईत सी. पी. टँकजवळ शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी पित्याच्या स्मरणार्थ हिराबाग धर्मशाळा उभारली. एक मेमन, एक जैन. दोघांनाही व्यापारातून हेच उमगले होते की घराबाहेर पडलेल्या माणसाला प्रथम छप्पर, पाणी आणि विश्वासाचा माणूस लागतो. मक्केतही अशी घरे आहेत. त्यांना रुबात म्हणतात. हैदराबादच्या निजामांच्या रुबातीत आजही जुन्या हैदराबाद संस्थानातील, म्हणजे आपल्या मराठवाड्यातीलही काही यात्रेकरूंची निवासाची सोय होते. आणि पाणपोई घालणाऱ्या आपल्या समाजाला एक नाव विशेष आवडेल. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी बगदादचा खलिफा हारून अल-रशीद याची राणी झुबेदा हिने मक्केच्या यात्रेकरूंसाठी डोंगरातून पाण्याचा कालवा आणविला. तिच्या नावाने तो आजही ओळखला जातो.

आता यात्रा विमानाने होते. पण माणूस तेवढाच म्हातारा आणि तेवढाच भांबावलेला असतो. २०२४ साली भारताचा वाटा १ लाख ७५ हजार २५ यात्रेकरूंचा होता. महाराष्ट्रातील अनेक यात्रेकरू मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या हज हाउसमध्ये येतात, तेथे कागदपत्रे घेतात आणि विमानतळाकडे रवाना होतात. त्यांच्यासोबत शासकीय सेवेतील काही निवडक कर्मचारी सेवेसाठी पाठविले जातात. त्यांना खादिम-उल-हुज्जाज, म्हणजे हाजींचे सेवक, म्हणत. २०२५ पासून हे पद ‘राज्य हज निरीक्षक’ या नावाने ओळखले जाते आणि सुमारे दीडशे यात्रेकरूंमागे एक असे त्यांचे प्रमाण ठेवलेले आहे. राहण्याची खोली, बस, औषध, हरवलेले सामान, हरवलेला माणूस, सारे त्यांनी पाहावयाचे. नाव बदलले, परंतु मला जुने नाव अधिक आवडते. निरीक्षक पाहतो, खादिम उचलतो.

२०१८ पासून पंचेचाळीस वर्षांपुढील स्त्रियांना पुरुष नातेवाइकाविना, चौघींचा गट करून, भारतातून हजला जाता येऊ लागले. २०२४ मध्ये अशा स्त्रियांची संख्या चार हजारांहून अधिक होती. यांतील अनेकींनी पूर्वी तालुक्याबाहेर एकटीने प्रवास केलेला नसतो. आमच्या त्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थिनीने सूर्य-चंद्र काढून दिलेल्या पुड्यांचे मोल अशा वेळी कळते.

हजचे मुख्य दिवस पाच-सहाच असतात. परंतु त्या दिवसांत सारे यात्रेकरू एकाच वेळी एकाच ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातात. मक्केहून मिना, मिनाहून अरफात, रात्री मुजदलिफा, पुन्हा मिना. २०२४ साली जगभरातून १८ लाख ३३ हजारांवर यात्रेकरू आले होते. मिनाच्या खोऱ्यात पांढऱ्या तंबूंचे नगर आहे. १९९७ साली तेथे भीषण आग लागून ३४३ यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यानंतर आग न पकडणारे तंबू उभारण्यात आले. हे तंबू सुरक्षित आहेत, पण सारे एकसारखे आहेत. रांगाच्या रांगा पांढऱ्या, गल्ल्या सारख्या, माणसेही पांढऱ्या वस्त्रांत. अक्षर न ओळखणारा माणूस तेथे हरवला तर तो आपल्या तंबूपासून पन्नास पावलांवर असूनही दिवसभर फिरत राहू शकतो.

आमचे चाचा असेच हरवले. १७ जूनचा दिवस होता. सैतानाचे प्रतीक मानलेल्या खांबांना खडे मारून परतताना गर्दीत चाचीचा हात सुटला. मोबाईल बंद पडला. त्या दिवशी मक्केत ५१.८ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. चाचांनी मला सांगितले, "शेठ, चप्पल डांबराला चिकटत होती. वाटलं, इथंच बसावं. बसलो असतो तर उठलो नसतो."

एका कठड्याशी ते थांबले असता चमकदार पट्ट्यांचे जाकीट घातलेला एक तरुण जवळ आला. त्याने प्रथम काही विचारले नाही. डोक्यावर पाणी ओतले, छत्री धरली, मग मनगटातील कडे वाचले. भारतीय यात्रेकरूंना ओळखीसाठी असे कडे दिलेले असते. नकाशा काढून, खांबांवरचे क्रमांक पाहात त्याने त्यांना हाताला धरून चालविले. वाटेत दोनदा सावलीत बसविले. तंबूच्या दाराशी चाची रडत उभी होती. चाचांनी खिशातून काही रियाल काढले, तर तो मुलगा मागे सरला. तो केरळचा होता. जेद्दाला एका दुकानात नोकरी करीत होता आणि ईदची सुटी घेऊन सेवेला आला होता. जेद्दा, रियाध येथे नोकरी करणारे असे अनेक भारतीय दरवर्षी गट करून मिनामध्ये उभे राहतात. चाचांनी त्याला विचारले, "बेटा, तुझा हज झाला का?" तो म्हणाला, "इस साल नहीं चाचा, इस साल ड्यूटी है."

मक्केच्या इतक्या जवळ राहून, यात्रेच्या ऐन दिवसांत, स्वतःची यात्रा बाजूला ठेवून दुसऱ्याची यात्रा पूर्ण करून देणारा हा माणूस मला विसरता येत नाही. त्या वर्षी सौदी सरकारने १ हजार ३०१ यात्रेकरूंच्या मृत्यूची घोषणा केली. त्यांतील बहुसंख्य अनुमतीपत्राविना आलेले, म्हणून तंबू, बस आणि थंड निवारा यांपासून वंचित राहिलेले होते. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २१ जून रोजी ९८ भारतीयांच्या मृत्यूची माहिती दिली होती. ज्याच्या हातात कडे नाही, ज्याच्या नावाची यादी कोणाजवळ नाही, त्याला शोधणार तरी कोण? व्यवस्थेत माणसाची नोंद असणे आणि त्या नोंदीमागे एखादा हात असणे, या दोन गोष्टींवर त्या उन्हात जीव तगत होता.

हा प्रसंग मी चातुर्मासात आमच्या स्थानकात काही श्रावकांना सांगितला. तेव्हा दोन आक्षेप निघाले. ते वावगे नव्हते, म्हणून त्यांचा विचार येथे करणे योग्य होईल.

एक ज्येष्ठ श्रावक म्हणाले, "आपण याला वैयावृत्त्य म्हणता, ते बरोबर नाही. वैयावृत्त्य आचार्य, उपाध्याय, तपस्वी, ग्लान साधू यांचे होते. ते अभ्यंतर तप आहे. संसारी माणसाच्या सामानाचे वजन करणे तप कसे?" त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे आणि मी माझा शब्द मागे घेतला. परंतु आपल्याच परंपरेने दानाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत सुपात्रदानाच्या शेजारी अनुकंपादानही आहे. सुपात्रदानात घेणाऱ्याची पात्रता पाहावयाची. अनुकंपेत केवळ त्याचे दुःख पाहावयाचे. तहानलेल्याला पाणी देताना त्याचा धर्म विचारणे हे अनुकंपेत बसत नाही. शिवाय वैयावृत्त्याचा जो आदर्श आपण मुलांना सांगतो, तो नंदिषेण मुनींचा, तेथे मुद्दा कोणता आहे? रोगग्रस्त साधूने शिव्या दिल्या, अंग घाण केले, तरी मुनींनी त्याला खांद्यावरून उतरविले नाही. खांद्यावरचा माणूस कसा वागतो यावर उचलणाऱ्याची भावना अवलंबून नव्हती. शब्द वैयावृत्त्य न वापरता ती भावना तर आपण घेऊ शकतो.

दुसरा आक्षेप एका श्राविकेचा होता आणि तो अधिक खोल होता. त्या म्हणाल्या, "हजच्या शेवटी कुर्बानी असते. आपण करण्याने, करविण्याने आणि अनुमोदनेने हिंसा होते असे मानतो. मग ज्या यात्रेत जीव जातो, तिला साहाय्य केले तर अनुमोदनेचा दोष लागणार नाही का?"

मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. कुर्बानी होते, हे खरेच आहे. ते झाकून ठेवणे हा असत्याचा दोष होईल. इहराम धारण केल्यावर शिकार वर्ज्य असते, हरमच्या क्षेत्रात रानातील झाडझुडूपही तोडावयाचे नसते, सुगंध लावावयाचा नसतो, भांडण करावयाचे नसते. हे नियम ऐकून आपल्याला जवळीक वाटते. परंतु तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. तेथे आपला मतभेद आहे आणि तो राहील. चाचांना तो ठाऊक आहे. म्हणूनच ईदच्या दिवशी ते आमच्या घरी केवळ शीरखुर्मा पाठवितात, तोही स्वतंत्र भांड्यात केलेला.

परंतु मी त्या ताईंना एक विचारले. आळंदीकडे जाणाऱ्या दिंड्यांना आपण चाकणच्या रस्त्यावर दरवर्षी चहा आणि राजगिऱ्याचे लाडू वाटतो. त्या वारकऱ्यांचा देव, त्यांचे विधी आपले नाहीत. तेथे आपण त्यांच्या पूजेचे अनुमोदन करतो असे कोणी म्हणत नाही. आपण थकलेल्या पायांची काळजी करतो. पिशवीचे वजन करणे, वृद्धेला औषध समजावून सांगणे, उन्हात हरवलेल्याला तंबूपर्यंत पोचविणे, यांत कोणत्या जिवाचा घात आहे? कुर्बानीसाठी पैसा आपण देत नाही, देणारही नाही. जेथे जीव वाचतो तेथवर सोबत जावे, जेथे आपले व्रत अडविते तेथे हात जोडून थांबावे. शेजारधर्माची ही सीमा स्पष्ट सांगितली तर समोरचाही तिचा मान राखतो.

या संदर्भात जगडू शाहांचे स्मरण होते. तेराव्या शतकातील कच्छ-भद्रेश्वरचा हा श्रावक दुष्काळातील अन्नदानासाठी प्रसिद्ध आहे. परंतु सर्वानंदसूरींच्या जगडूचरितात त्यांनी मुसलमानांसाठी मशीद बांधून दिल्याचाही उल्लेख आहे. समुद्रापलीकडे व्यापार करणाऱ्या या जैन शेठने अनेक जिनालये बांधली आणि आपल्याकडे येणाऱ्या परधर्मीय माणसाला ईश्वराची आठवण करावयास जागाही दिली. त्यामुळे त्यांचे श्रावकत्व उणे झाले असे आपल्या कोणत्याही आचार्यांनी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

ताई विचारात पडल्या. म्हणाल्या, "पाणी आणि औषध इथवर मला पटते. पुढचे मी अजून पाहीन." मला हे उत्तर प्रामाणिक वाटले.

जुलै महिन्यात चाचा-चाची परतले. खजूर आणि जमजमची छोटी बाटली घेऊन गाळ्यावर आले. मी पाणी डोळ्यांना लावले. मग त्यांनी विचारले, "शेठ, माझे तीन गावांतले सात जण झाले. बाकीचे राहिलेत. तुम्ही येता का?"

संवत्सरीच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्यासोबत गेलो. माळ्यावरच्या जुन्या खातेवह्या काढल्या होत्या. काही वाळवीने खाल्ल्या होत्या. ज्यांच्या पट्ट्या सापडल्या, त्यांचा अंदाजे हिशोब करून रक्कम पाकिटात घातली होती. पहिल्या घरचे आजोबा मोठ्याने हसले. म्हणाले, "आम्हाला ठाऊक होतं की. आम्हीपण पोत्यात माती ठेवायचो." त्यांनी पाकीट घेतले नाही, जेवू घातले. दुसऱ्या घरी एक बाई होती, नवरा वारलेला. ती शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, "त्या साली पोरीचं लग्न अडलं होतं. पोत्यामागचं किलो आज तुम्हाला थोडं वाटतं." तिने पाकीट ठेवून घेतले. क्षमा केली असे ती म्हणाली नाही. चाचांनी आग्रह केला नाही आणि मलाही करू दिला नाही. परतताना म्हणाले, "मागणं आपलं काम. देणं तिचं."

हे सारे लिहिण्यात प्रौढी नाही. उलट लाज आहे, की आमच्या घरची चूक प्रथम एका मापाड्याने आपल्या माथी घेतली आणि मी त्याला "कशाला उकरायचे" असे म्हणालो. त्याचे सामान तोलावयास काटा दिला, तेव्हा वाटले होते की मी त्याला साहाय्य करीत आहे. प्रत्यक्षात त्याच्या यात्रेचे सर्वांत जड ओझे आमच्या घरचे होते आणि ते तो इतकी वर्षे उचलून फिरत होता. यात्रेकरूची सेवा म्हणजे त्याचे ओझे हलके करणे, एवढेच जर असेल, तर सेवेला निघण्यापूर्वी त्या ओझ्यात आपले काय आहे तेही पाहावे.

आपल्या समाजात विहार सेवेची परंपरा गेल्या काही वर्षांत मोठ्या श्रद्धेने वाढली आहे. पहाटे महामार्गावरून चालणाऱ्या साधू-साध्वीजींच्या मागे-पुढे आपली तरुण मुले चमकदार जाकिटे घालून चालतात. मिनातील त्या केरळच्या मुलाचे जाकीट तसेच होते, असे मला चाचांच्या वर्णनावरून वाटले. चालणाऱ्याला सोबत हवी असते, हे ज्या मुलांना कळले आहे, त्यांना हजच्या मोसमात आपल्या गावातील सभागृहात तासभर जाणे अवघड नाही. वजनकाटा द्यावा, मुंबईपर्यंत पोचविण्यास गाडी द्यावी, वृद्धांचे अर्ज भरून द्यावेत, निघताना पाण्याची बाटली हाती द्यावी. यांपैकी कशासाठीही निधी उभारावा लागत नाही.

आमचा काटा आता प्रत्येक मोसमात आठ दिवसांसाठी त्या सभागृहात जातो. कारखान्यातील तो मुलगा टेम्पो घेऊन येतो, सही करतो आणि विचारतो, "काका, काटा बरोबर आहे ना?" मी त्याच्यासमोर दहा किलोचे प्रमाणित वजन ठेवून दाखवितो. आकडा दहाच येतो. आता आमच्या गाळ्यावर दर शनिवारी, पहिले पोते चढण्यापूर्वी, शेतकऱ्यांसमोरही हे वजन ठेवले जाते. चाचांनीच ती पद्धत घालून दिली.

त्या बाईंच्या घरी पुढल्या संवत्सरीला पुन्हा जावयाचे आहे.

सर्वांना मनःपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.